बिनलोण्याचे ओट्स

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
ऑगस्टअखेरचा सोमवार

प्रिय मलिंडा,

धुणं दोरीवर चढवलं, हात पुसले आणि आधी तुला लिहायला बसले. तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले आणि माझं उत्तर नाही, तेव्हा तू म्हणाली असशील, फॅनी मावशीला एक काम सांगितलं आणि म्हातारी विसरली. विसरले नाही गं. ‘बाबा सकाळी काय खातात ते बघ आणि खरं काय ते कळव, ते स्वतः कधी खरं लिहीत नाहीत,’ असं तू लिहिलं होतंस. आता खरं कळवायचं तर ते कळवण्याजोगं तरी असायला हवं! ते तसं व्हायला अख्खा उन्हाळा गेला. एका न्याहारीने माझ्या नाकी नऊ आणले.

तुझी अट मला पाठ आहे. फेब्रुवारीत तुझ्या बाबांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात न्यावं लागलं, डॉक्टरांनी लोणी-साखर तोडायला सांगितली. तेव्हा तू निक्षून लिहिलंस की उन्हाळा संपताना रक्ताची तपासणी चांगली आली नाही, तर तुझा एलाम गाडी ठरवून येईल आणि बाबांना कायमचं केंटकीला घेऊन जाईल. दोन खोल्या बांधून तयार आहेत, खिडक्यांना हिरवे पडदेही लागलेत. चांगल्या मुलीने असंच करावं, माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या बाबांनी ते पत्र स्वतःच्या घोड्यांच्या साजाच्या दुकानात लगाम-पट्टे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "मी केंटकीला जाऊन काय करू? तिथला एक घोडा माझ्या ओळखीचा नाही!"

माझ्या मते सगळ्याचं मूळ तुझ्या आईच्या ओट्समध्ये होतं. रागावू नकोस. लीआचे भट्टीतले ओट्स म्हणजे नावाला न्याहारी, मनातून तो केकच. लोण्याची अख्खी वडी, तपकिरी साखर भरभरून, वर ओतायला साय. तिच्या हाताला माप नव्हतं आणि तिला ते शिकवायची कुणाची छाती नव्हती. तुझ्या बाबांनी लग्नापासून रोज सकाळी तो तुकडा खाल्ला. ती गेल्यावर आपल्या मंडळीतल्या बायका आळीपाळीने तेच घेऊन येऊ लागल्या. दुःखात पडलेल्या माणसाला आपण आमिश लोक दुसरं काय देणार, त्याला लोण्यात बुडवून काढतो. मग डॉक्टरांनी पाण्यात शिजवलेले साधे ओट्स सांगितले. दोन-चार दिवस ते खाऊन तुझे बाबा म्हणाले, "फॅनी, हेच मी घोड्यापुढे ठेवतो. आज घोड्याने माझ्याकडे बघितलं गं, आणि त्याला माझी दया आली."

त्यानंतर त्यांनी सकाळचं खाणंच सोडलं. निदान सगळ्यांना सांगितलं तसं. तुझं पत्र आल्यावर मी दुकानात डोकावले, तर चामड्याच्या गुंडाळ्यांमागे ‘ॲपल पाय’चा डबा! अर्धा संपलेला. मी डबा उचलून समोर धरला, तर म्हणतात, "उंदरांसाठी ठेवलाय." मी म्हटलं, "बेन, तुझ्या दाढीला उंदराच्या वाटणीचा चुरा लागलाय." आम्ही एका शाळेत शिकलो, त्यामुळे तोंडावर मी त्यांची भीडभाड ठेवत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

त्या दिवशी मी ठरवलं. इतकी वर्षं शनिवारच्या बाजारात केक-पाय विकून मी लोकांच्या छातीत कळा आणल्या, आता एका माणसाची घालवून दाखवते. लीआसारखे लागतील पण हलके असतील असे ओट्स करायचे, आणि तेही तुझ्या आईच्याच भट्टीत. कारण माझी भट्टी मागून जास्त तापते.

इथे थोडं थांबून एक लिहायचंय. लीआ गेली त्या साली कुणीतरी तुझ्या बाबांसाठी पलीकडच्या मंडळीतली एक विधवा सुचवली होती. तेव्हा तू मला लिहिलं होतंस, ‘मावशी, आईच्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवणार नाही.’ ते वाक्य मी विसरलेली नाही. पहिल्या दिवशी तिच्या खुंटीवरचा एप्रन काढायला हात वर केला आणि तसाच खाली आणला. स्वतःचाच घेऊन गेले घरून. ते स्वयंपाकघर तसंच आहे गं. मीठ डाव्या हाताला, चमचे उजव्या. मी काहीही हलवलेलं नाही.

तर ओट्स. पहिल्यांदा मी सरळ लोणी निम्मं केलं, साखर निम्मी केली आणि नशिबावर हवाला ठेवला. निघालं ते लाकूड. तुझ्या बाबांनी तुकडा उचलला, वाकवून बघितला, कानाशी धरून वाजवला आणि म्हणाले, "याला भोकं पाडली तर बरा पट्टा होईल. दोन घोड्यांना ओढेल." पुढच्या खेपेला लोणी पार काढलं आणि त्याजागी शिजवून गाळलेला सफरचंदाचा गर घातला. चव आली, पण अंगात पाणी फार. चमचा उलटा केला तरी पडेना. "चव बरी आहे," म्हणाले, "पण कुठल्या दात न आलेल्या पोराचं उरलंय हे?" मी भोपळा घालून बघितला, केळं घालून बघितलं. त्यांचं एकच पालुपद, लीआचे असे नव्हते. एकदा मी वैतागून म्हटलं, "लीआचेच खाऊन तर दवाखान्यात गेलास!" आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. ते चमचा पुसत म्हणाले, "तीसुद्धा मला हेच म्हणाली असती. अगदी याच आवाजात." मग आम्ही दोघंही हसलो, आणि लीआ गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात कुणी हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मला उत्तर सापडलं ते सफरचंदाच्या जामात. हिवाळ्याआधी आपण मोठ्या कढईत दिवसभर जाम आटवतो आणि शेवटी दालचिनी-लवंग पडली की अंगणभर असा वास सुटतो, की जाम आहे त्याच्या दुप्पट गोड वाटतो. म्हणजे जिभेला नाकाने फसवता येतं! तुझ्या आई-बाबांचं जुळलं तेही अशाच एका कढईपाशी. ती दोघं मोठा लाकडी उलथना धरून ढवळत होती आणि मी बाकावर बसून सफरचंदं सोलत होते. तुझे बाबा तेव्हा मला अगदी मठ्ठ वाटायचे. मैत्रीण म्हणून लीआला मी तसं स्पष्ट सांगितलंही होतं. ती म्हणाली, "मठ्ठ नाही गं, सावकाश आहे." तिला माणसं लवकर कळायची. मला उशिरा कळतात.

तेव्हा साखर काढून फक्त चमचा-दोन चमचे काकवी ठेवली आणि मसाला दुप्पट केला. दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंगेची चिमूट. पण केकचं केकपण चवीत नसतं, ते हवेत असतं. म्हणून निम्मे ओट्स हातगिरणीतून पिठासारखे दळून घेतले, उरलेले रात्रभर ताकात भिजत ठेवले. दुधाची तहान ताकावर म्हणतात ती हीच, पण ताकाने ओट्स असे मऊ झाले की दुधाने होणार नाहीत. सफरचंदाचा गर थोडाच घातला. आणि अंड्यातलं पांढरं वेगळं काढून इतकं फेटलं, इतकं फेटलं, की माझा खांदा दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही. ते पांढरं अगदी शेवटी, हलक्या हाताने. भट्टीचं दार उघडलं तर मलिंडा, ते फुगलं होतं! वर तपकिरी साल, आत जाळी. सुरी घातली तर सुरीला कळलंही नाही.

तुझ्या बाबांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग चमचा ठेवला आणि बाहेर पंपाशी गेले. बराच वेळ हात धूत राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "लीआचे आहेत," म्हणाले. आणि बसून तिसरा घास तोंडात घालतात न घालतात तोच माझ्याकडे संशयाने बघितलं. "लोणी कुठे लपवलंस?" मी म्हटलं, नाहीये. त्यांचा विश्वास बसेना. उठून कपाटं उघडून बघितली या माणसाने.

आता खरी गंमत. ते आठवड्याचं भांडं होतं, रोज एक तुकडा. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर भांडं चाटूनपुसून स्वच्छ. "अरे, हे काय?" तर म्हणे, "तूच म्हणालीस हलकं आहे. म्हणून हलकं समजून खाल्लं." आता या माणसाला काय म्हणावं? तेव्हापासून मी रोज सकाळी शेतातून जाते, एक चौकोन कापून देते आणि भांडं परत घेऊन येते. आधी काम होतं म्हणून जायचे. नंतर नंतर मी जरा लवकरच जायला लागले.

आता ते स्वतःही करतात. चामडं शिवून शिवून त्यांचे दंड असे झालेत, की अंड्याचं पांढरं माझ्या निम्म्या वेळात फेटतात, आणि तो तोरा काय सांगू! चर्चची पाळी नसलेल्या एका रविवारी बिशप आणि त्यांची बायको सहज भेटायला आली, तर यांनी प्रवचनच सुरू केलं. "पांढरं नीट फेटलेलं असलं ना, तर भांडं डोक्यावर उलटं केलं तरी पडत नाही." आणि खरंच डोक्यावर उलटं केलं. पडलं. अख्खं. दाढीतून खाली ओघळत होतं आणि बिशप पोट धरून हसत होते. त्यांची बायको म्हणाली, "बेन्युएल, आपल्यात लग्न झालं की दाढी राखतात, तुला तर आधीच दुसरी आली बघ," आणि हे बोलताना तिने बघितलं मात्र माझ्याकडे. मला तेव्हा कळायला हवं होतं. तेच, उशिरा कळण्याचं!

कारण तोवर मी एक घोडचूक करून बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुकानात काम करताना भूक चाळवली तर काहीतरी कच्चं खा. तुझ्या बाबांना कच्च्यात फक्त सेलरी आवडते. त्यांच्या बागेत गवताखेरीज काही उगवत नाही. म्हणून मी माझ्या बागेत सेलरी लावली. थोडी नाही, चांगल्या लांबलचक ओळी, हिवाळाभर पुरावी म्हणून. तुला काय सांगायचं, आपल्यात नोव्हेंबरातलं लग्नाचं जेवण सेलरीवाचून होत नाही, आणि लग्न ठरलेलं गुपित ठेवतात, म्हणून जुलै लागला की जो तो बग्गीतून दुसऱ्याच्या बागेत सेलरी मोजत जातो. ज्या घरी पोरगी आहे तिथेच बघतात एरवी. माझ्या बागेकडे कुणी कशाला बघेल? माझी पन्नाशी उलटली, लग्न कधी झालं नाही, माझ्या बागेत सेलरी असते ती सुपापुरती. हा सगळा विचार लावताना माझ्या डोक्यात आलाच नाही. हात दाखवून अवलक्षण!

आमच्या व्हर्नावहिनीचा घोडा म्हातारा असेल, पण माझ्या कुंपणापाशी तो इतका हळू कधीच चालत नव्हता. "फॅनीवन्सं, यंदा सूप फार करणार वाटतं?" बाजारात बायका माझ्या ठेल्यापाशी येऊन उगाच हसायच्या. शेवटी एकीने विचारलंच, "कुणासाठी गं?" मी म्हटलं, "बेन्युएलसाठी," म्हणजे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, असं पुढे म्हणणार होते. पण पुढचं ऐकायला थांबतंय कोण! ही गोष्ट तुझ्या बाबांना सगळ्यात शेवटी कळली, लगाम न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांना म्हटलं, "उद्याच्या उद्या उपटून टाकते." ते म्हणाले, "उपटू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय." बास, एवढंच. आणि पट्ट्याला टाका घालत राहिले.

मग गेल्या आठवड्यात रक्ताची तपासणी. आपल्याला मोटार चालवायची नाही, तेव्हा बाहेरच्या ड्रायव्हरच्या गाडीने आम्ही गेलो, मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. मलिंडा, तुझ्याशी खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. मी प्रार्थना करत होते की सगळं ठीक येऊ दे, आणि मधेच मला जाणवलं की मी ही प्रार्थना बेनच्या हृदयासाठी करतच नाहीये. तपासणी वाईट आली, तर एलाम गाडी घेऊन येणार, आणि मग मी सकाळी शेतातून कुठे जाणार? एवढ्या वयात, बाकावर बसून, अनोळखी लोकांमध्ये मी रडले. शेजारच्या बाईने मला रुमाल दिला, तिला वाटलं माझं कुणी वारलं.

तपासणी उत्तम आली. तू मागितली होतीस त्यापेक्षाही उत्तम. डॉक्टर म्हणाले, काय खाता? तर आपल्या गृहस्थांनी त्यांना दळलेल्या ओट्सपासून जायफळापर्यंत सगळं ऐकवलं, बाहेर लोक खोळंबलेत याचं भान नाही. अंड्याचं भांडं मात्र डोक्यावर उलटं करून दाखवलं नाही, हे नशीब. म्हणजे तुझी अट पुरी झाली. तुझे बाबा इथेच राहू शकतात.

त्याच संध्याकाळी मी बागेत पाणी घालत होते, तर बेन येऊन सेलरीच्या टोकाशी उभा राहिला. टोपी हातात. सेलरीची एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून आला. मग म्हणाला, "फॅनी, लोक काय म्हणतात ते मी ऐकलं." म्हटलं, "मीही ऐकलंय." "लोकांना फारशी अक्कल नसते." म्हटलं, "नसतेच." "पण कधीकधी चुकून बरोबर बोलतात." आणि टोपी अशी पिळली की मला त्या टोपीची काळजी वाटायला लागली. लीआ म्हणाली होती तेच खरं. मठ्ठ नाही, सावकाश आहे.

मी हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "आधी मलिंडा." तो म्हणाला, मी लिहितो तिला. बसला लिहायला, आणि काल मला दाखवलं. गवताची दुसरी कापणी झाली, तांबडी घोडी लंगडत होती ती आता बरी आहे, देवाची कृपा, तुझा बाप. त्या पत्रात मी कुठेच नव्हते. ते घोडीचं पत्र तुला वेगळं येईलच. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस तो, म्हणून भांडं मी पुढे केलं. ऑक्टोबरात प्रभुभोजन झालं की लग्न ठरलेल्यांची नावं जाहीर करायची वेळ येईल, तोवर कुणाला सांगायची रीत नाही. पण हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर मला सोसलं नसतं. तुझ्या मनाला पटत नसेल तर तसं सरळ लिही. मी राग धरणार नाही. सकाळी ओट्स पोचवीन, शेजारीण म्हणून, आणि तेवढ्यातही मी सुखी राहीन. माय मरो, मावशी उरो असं लोक म्हणतात ना, ती म्हण मला कधीच आवडली नाही. माय उरायला हवी होती. तिची जागा मला नको आहे, आणि मागितली तरी ती कुणाला मिळणार नाही.

सकाळपासून मला वाटत होतं की मी तुझी परवानगी मागायला लिहितेय. लिहिता लिहिता कळलं की ते अर्धंच खरं. लहानपणापासून माझ्या बाबतीत काहीही घडलं, चांगलं की वाईट, तर मी धावत एकाच माणसाकडे जायचे. त्या संध्याकाळी बेनने विचारलं, आणि मी त्याला तसाच बागेत उभा सोडून चालू लागले. तो मागून हाका मारत होता, "अगं, कुठे निघालीस?" मला इतका आनंद झाला होता की काही ऐकू येत नव्हतं. अर्धं शेत ओलांडल्यावर तुमच्या घराची अंधारी खिडकी दिसली, आणि तेव्हा लक्षात आलं की मी लीआला सांगायला निघाले होते. मी तिथेच उभी राहिले, हसत आणि रडत. ही बातमी मला सगळ्यात आधी तिला सांगायची होती. म्हणून तुला सांगतेय.

तुझीच,
फॅनी मावशी